‘नुस्तें, बाई!’ : प्राथमिकच्या मुलांना गटातून समजून वाचायला शिकवताना

तिसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचत होता. जोडाक्षरांना अडला नाही, पूर्णविरामाला नीट थांबला. वाक्य होते, ‘सगळे मिळून होडी ओढत होते. राजू मात्र काठावर उभा राहून नुसते बघत होता.’ मी विचारले, “राजू काय बघत होता रे?” तो लगेच म्हणाला, “नुस्तें, बाई!” वर्गात कुणालाही त्यात काही चुकल्यासारखे वाटले नाही. घरच्या कोंकणीत नुस्तें म्हणजे मासळी. नदीचा काठ आहे, होडी आहे, मग राजू मासळीच बघणार. पण राजूने मदत केली नाही हा त्या धड्याचा गाभा होता, आणि तो सगळ्या वर्गाच्या हातून निसटला.

गोव्यातल्या मराठी शाळेत हे रोजचे आहे. मूल घरी कोंकणी बोलते, पुस्तक मराठी असते, आणि दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की मुलाला आपले चुकतेय असा संशयच येत नाही. कोंकणीत मळब म्हणजे आकाश, मराठीत मळभ म्हणजे दाटून आलेले ढग. कोंकणीत शीत म्हणजे जेवणातला भात, मराठी कवितेत मात्र ‘शीत वारा’ वाहतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाची घरची भाषा कन्नड असेल, तर ‘त्याचे फार हाल झाले’ हे ऐकून त्याला दूध आठवते, कारण कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. या चुका शिक्षकाला बाहेरून दिसत नाहीत. मूल दुसऱ्या मुलाशी त्या वाक्याबद्दल बोलायला लागले की त्या उघड्या पडतात. म्हणून वाचन समजण्यासाठी गटात शिकवणे ही आपल्याकडे चैन नाही, गरज आहे. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरता अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत अशी अपेक्षा आहे, तीही अर्थ समजून. शब्द मोजणे सोपे आहे. अर्थासाठी काय करायचे, ते पुढे सविस्तर लिहिते आहे.

गोल करून बसवले म्हणजे गट झाला नाही

पहिल्यांदा मी सहा-सहा मुलांचे गट केले, उतारा दिला आणि खालचे प्रश्न सोडवायला सांगितले. दहा मिनिटांनी पाहिले तर प्रत्येक गटात एकच मूल लिहीत होते. एक-दोघे त्याच्या वहीत डोकावत होते, बाकीचे पाटीवर चित्रे काढत होते. उत्तरे सगळी बरोबर आली. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न एकेकाला विचारले, तेव्हा कळले की लिहिणाऱ्या चौघांखेरीज कुणालाच काही येत नव्हते.

चूक कामाच्या आखणीत होती. सहकार्यात्मक अध्ययनावर, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांच्या मदतीने शिकण्यावर, आयुष्यभर काम केलेले मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ त्यासाठी पाच अटी सांगतात. त्यातल्या दोन प्राथमिकच्या शिक्षकाने कधीही विसरू नयेत असे मला वाटते. एक, प्रत्येक मुलाकडे असे काहीतरी हवे जे बाकीच्यांना लागते आणि त्याच्याशिवाय मिळत नाही. दोन, शेवटी प्रत्येक मुलाला एकट्याने उत्तर द्यावे लागेल हे त्याला आधीपासून ठाऊक हवे. कुठलीही पद्धत वापरताना काम नेमून देण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले नाही, तर ते काम गटात देऊ नका, सरळ फळ्यावर शिकवा.

गट कसे पाडायचे

चारजणांचा गट उत्तम. तिघे चालतील, पाच झाले की एक हमखास बाहेर पडतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एक छोटा अनोळखी उतारा वाचायला द्या, मग पुस्तक मिटून ‘काय झाले ते सांग’ म्हणा. घरच्या भाषेत सांगितले तरी चालेल. किती समजले यावरून नावांची यादी करा. वाचनाच्या वेगावरून करू नका, कारण घडाघडा वाचणाऱ्यांतही न समजणारी मुले असतात. मग प्रत्येक गटात वरचा एक, मधले दोन आणि खालचा एक घ्या. घरच्या भाषांचीही सरमिसळ करा. कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूल गटात एकटे पडू नये, त्या भाषेचे दुसरे कुणी असेल तर दोघांना एका गटात ठेवा.

हुशार मुलांचा वेगळा गट करायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. तो टाळा. कच्च्या चौघांच्या गटात चर्चा पुढे सरकत नाही, कारण गाडी अडली की ढकलणारे कुणीच नसते. हुशार मुलाचेही यात नुकसान नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना त्याला आपलेच कच्चे दुवे दिसतात.

गट सहा आठवडे तसेच राहू द्या. दर आठवड्याला बदलले तर मुलांना एकमेकांची सवय होण्याआधीच गट फुटतो. तिसरी-चौथी एकाच शिक्षकाकडे असतील, आणि आपल्याकडच्या कमी पटाच्या शाळांत तसेच असते, तर दोन्ही इयत्तांचा मिश्र गट बिनधास्त करा. उतारा फक्त तिसरीच्या पातळीचा घ्या आणि चौथीच्या मुलांना त्यावरचे प्रश्न तयार करायचे काम द्या.

पहिले दोन आठवडे फक्त जोड्या

थेट चौघांच्या कामाला हात घालू नका. ऐकून घेणे आणि आळीपाळीने बोलणे या सवयी आधी जोडीत लागतात.

इथे उपयोगी पडते ती ‘विचार कर, जोडीदाराला सांग, वर्गाला सांग’ ही पद्धत. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी ती 1981 मध्ये मांडली. उताऱ्याचा एक परिच्छेद वाचा, एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हे वाटते तितके सोपे नाही. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांची निरीक्षणे केली तेव्हा दिसले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. ज्या मुलाला प्रश्न आधी घरच्या भाषेत नेऊन उत्तर परत मराठीत आणायचे असते, त्याला त्याहूनही जास्त वेळ लागतो.

मग दोन मिनिटे जोडीत बोलणे. त्यानंतर वर्गात विचारताना ‘तुझे उत्तर सांग’ असे म्हणू नका. ‘तुझ्या जोडीदाराने काय सांगितले?’ असे विचारा. या एका बदलाने ऐकणे सुरू होते, कारण ऐकले नसेल तर लगेच कळते.

दुसऱ्या आठवड्यात जोडीवाचन घ्या. एकाने परिच्छेद मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने पुस्तक न बघता ‘आता काय झाले’ ते दोन वाक्यांत सांगायचे. वाचणाऱ्याने पुस्तकात बघून, सुटले असेल ते भरायचे. मग अदलाबदल. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट स्लाव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी-चौथीसाठी वाचन-लेखनाचा जो एकत्रित कार्यक्रम 1987 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही जोडीदाराबरोबर वाचणे आणि गोष्ट पुन्हा सांगणे याला मोठी जागा होती. आपल्याला त्यातला एवढा भाग आणला तरी पुरे.

चार कामांची पद्धत

एकच पद्धत निवडायची झाली तर मी ही निवडेन. अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी 1984 मध्ये ती मांडली. त्यांची मुले सातवीतली होती, अक्षरे नीट वाचणारी पण अर्थाला अडणारी. चांगला वाचक मनातल्या मनात करतो ती चार कामे त्यांनी मोठ्याने, आळीपाळीने करायला लावली: पुढे काय येईल याचा अंदाज, मजकुरावर प्रश्न, अडलेल्या शब्दाचा किंवा वाक्याचा उलगडा, आणि थोडक्यात सार.

चार रंगांच्या पुठ्ठ्याची कार्डे करा. प्रत्येकावर कामाचे नाव आणि खाली सुरुवातीचे शब्द लिहा. अंदाजाच्या कार्डावर ‘मला वाटते पुढे… कारण…’, प्रश्नाच्या कार्डावर ‘का? कसे?’, उलगड्याच्या कार्डावर ‘मला… कळले नाही’, साराच्या कार्डावर ‘थोडक्यात म्हणजे…’. ‘कारण’ हा शब्द गाळू नका. तो नसला की अंदाज म्हणजे नुसता आकडा लावणे होते.

पहिला पूर्ण आठवडा मुलांनी काहीच करायचे नाही, तुम्ही करून दाखवायचे. एक-एक काम, एक-एक दिवस, मनातला विचार मोठ्याने बोलून: “इथे मला अडले. हा शब्द मी घरी वेगळ्या अर्थाने ऐकला आहे. मागचे वाक्य पुन्हा वाचते.” शिक्षकालाही अडते आणि अडले की तो मागे जातो, हे मुलांना दिसले पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात एका गटाला मध्ये बसवा, बाकीचा वर्ग भोवती बसून बघेल. तिसऱ्या आठवड्यात सगळे गट एकदम.

हा एक छोटा उतारा मी त्यासाठी लिहून घेतला होता:

‘सकाळपासून मळभ होते. आजीने अंगणात वाळत घातलेली सोले भराभर गोळा करून आत नेली. तेवढ्यात वाऱ्याने चटई उडवली. “आज काही खरे नाही,” आजी म्हणाली.’ (सोले म्हणजे कोकमाची वाळवलेली साले.)

एका गटात उलगड्याचे कार्ड असलेली मुलगी म्हणाली, “मळब तर रोजच असते. मग आज काय वेगळे?” प्रश्न अगदी बिनतोड होता. दुसरा म्हणाला, “सोलां कित्याक भितर व्हेलीं?” म्हणजे सोले आत का नेली? तिसरी पटकन, “पावस येतलो म्हूण!” मग पहिलीने पुन्हा पहिले वाक्य वाचले आणि म्हणाली, “म्हणजे मळभ म्हणजे पावसाचे ढग.” शब्दकोश उघडला नाही, मी तोंड उघडले नाही. पुढे एक जण अडला, “खरे नाही म्हणजे? आजी फट मारता?” फट म्हणजे खोटे. यावर गटाची गाडी खरोखर थांबली, कारण शब्द सगळे ओळखीचे होते आणि अर्थ मात्र शब्दांत नव्हता. इथे मी गेले आणि एवढेच विचारले, “तुमची आजी असे कधी म्हणते? तेव्हा काय झालेले असते?” साराच्या कार्डवाल्याने शेवटी सांगितले, “थोडक्यात म्हणजे, जोराचा पाऊस येणार म्हणून आजीने सोले आत घेतली.” उताऱ्यात पाऊस हा शब्द कुठेच नाही. तो मुलांनी तीन वाक्ये जोडून शोधला. समजून वाचणे म्हणजे हेच.

दर परिच्छेदाला कार्डे डावीकडे सरकवा. एकाच मुलाकडे सार आणि एकाच मुलाकडे अंदाज असे महिनाभर चालू दिले, तर प्रत्येकाला चारातले एकच काम येईल. अंदाजाचे काम मुलांना आवडते, साराचे जड जाते. सार म्हणून मुले अख्खा परिच्छेद पुन्हा सांगतात. त्यावर माझा उपाय असा: हाताची पाच बोटे दाखवायची, प्रत्येक बोटाला दोन शब्द. दहा शब्दांत बसवा.

1994 मध्ये या पद्धतीवरच्या 16 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात उताऱ्यांवर संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या चाचण्यांत फायदा ठळक दिसला, तर प्रमाणित, म्हणजे सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या तयार चाचण्यांत तो बराच कमी होता. म्हणून महिन्याभरात परीक्षेचे गुण वाढलेले दिसले नाहीत तर पद्धत सोडू नका. आधी मुलांच्या प्रश्नांत बदल दिसतो. ‘आजीने काय केले?’ वरून ती ‘आजीने असे का केले?’ वर येतात.

आकड्यांची पद्धत, थोडक्यात

गटातल्या मुलांना 1 ते 4 आकडे द्या. प्रश्न विचारा, गटाने डोकी एकत्र करून उत्तर ठरवायचे, मग तुम्ही एक आकडा पुकारा. त्या आकड्याच्या मुलानेच उभे राहून सांगायचे. कुठला आकडा येईल हे आधी माहीत नसल्याने गटच कच्च्या मुलाची तयारी करून घेतो. धड्याच्या शेवटी उजळणीला पाच मिनिटे पुरतात. यापेक्षा मोठे काम तिच्यावर टाकू नका.

तुकडे जोडण्याची पद्धत: खाजनाचा धडा

1971 मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि वर्गात तेढ वाढली. तेव्हा इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा समजायचा तर एकमेकांचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या वर्गातही बाहेरून आलेल्या कामगारांची मुले असतात आणि त्यांना गटात कुणी विचारत नाही. ते थांबवायला ही पद्धत फार उपयोगी आहे. मात्र ही माहितीपर मजकुरासाठी वापरायची. गोष्टीचे तुकडे केले तर गोष्टच मरते.

माहितीसाठी आपले खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, घ्या. प्रत्येकी पाच-सहा सोप्या वाक्यांचे चार तुकडे स्वतः लिहून काढा. पहिला बांधाचा: चिखल-मातीचा बांध खाडीचे खारे पाणी अडवतो, कुर्ल्या (खेकडे) त्यात बिळे करतात, म्हणून त्याची सतत डागडुजी लागते. दुसरा मानशीचा: बांधातली लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. तिसरा कोरगूट भाताचा: पावसाने जमिनीतले मीठ धुतले जाते, मग थोडा खारेपणा सोसणारा हा भात पिकतो. चौथा मासळीचा: मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरतात.

बारा मुले असतील तर चारजणांचे तीन ‘घरचे गट’ होतात. त्यातल्या प्रत्येकाला वेगळा तुकडा. मग एकाच तुकड्याची तिघे उठून ‘जाणकार गटात’ जमतात. तिथे दहा मिनिटे: तुकडा दोनदा वाचायचा, अडलेले सोडवायचे, आणि घरच्या गटात जाऊन काय सांगायचे ते ठरवायचे, जमल्यास एक चित्र काढून. मानशीच्या तुकड्याला मी दोन वह्यांची दारे करून द्यायला सांगते. हाताने बाहेरून रेटले की मिटतात, आतून ढकलले की उघडतात. “उदक भायल्यान धुकलता, म्हणून बंद जाता,” असे एकदा हाताने करून पाहिलेले मूल ते विसरत नाही. वाचनात अगदी मागे असलेल्या मुलाला एकटे पाठवू नका. त्याला एखाद्या सोबत्याबरोबर एकच तुकडा द्या, वर्गसंख्येला चारने भाग जात नसेल तेव्हाही हाच तोडगा.

मग घरच्या गटात परत. प्रत्येकी तीन मिनिटे, कागद उलटा ठेवून, आपल्या शब्दांत. कागद समोर असला की मुले वाचून दाखवतात आणि सगळे श्रम फुकट जातात.

शेवटचा प्रश्न असा काढा की चारही तुकडे जोडल्याशिवाय उत्तर येणार नाही. खाजनाच्या धड्यासाठी माझा प्रश्न असतो: ‘कुर्लीने बांधात एक बीळ केले. शेतकऱ्याची झोप का उडाली?’ बिळाने बांध फुटेल, मग मानस मिटलेली असूनही खारे पाणी शेतात येईल. कोरगूट थोडे मीठ सोसतो, पण साचलेले खारे पाणी त्यालाही मारेल, आणि जमीन पुन्हा धुवायला पावसाची वाट बघावी लागेल. एका मुलाने विचारले, “पण मासे तर जास्त येतील ना, बाई?” त्या गटाची चर्चा मधल्या सुट्टीतही चालू होती. हे सगळे एका तासिकेत मावत नाही, दोन सलग तासिका घ्या.

भाषा, आवाज आणि तपासणी

गटात बोलताना मुलांना हवी ती भाषा बोलू द्या. अर्थ कोंकणीत जुळू द्या, कन्नडमध्ये जुळू द्या. वर्गापुढे सांगताना आणि लिहिताना मराठी. ‘मराठीतच बोला’ असा दम दिला की गट शांत होतो, आणि ती शांतता काही न समजल्याची असते. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा: डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला शब्द. आमच्या कागदावर पहिली ओळ अर्थातच ‘नुस्तें – नुसते’.

आवाज होणार. चार गट बोलतात तेव्हा बाजारासारखे वाटते आणि शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावते. हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून गप्प व्हायचे, हा संकेत पहिल्याच आठवड्यात पक्का करा. हवा कोरडी असेल तेव्हा दोन गटांना व्हरांड्यात बसवा. जुलैत कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की गटकाम बंद करून जोडीवाचन घ्या, कारण चौघांत कुणाचे कुणाला ऐकू येत नाही.

गट काम करताना तुम्ही टेबलापाशी बसू नका आणि एका गटातच अडकूही नका. प्रत्येक गटाजवळ दोन मिनिटे उभे राहून ऐका. उत्तर सांगू नका, ‘हे कुठल्या ओळीवरून म्हणतोस?’ एवढेच विचारा.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाला एकट्याने तीन प्रश्न: एक उताऱ्यात सरळ उत्तर असलेला, एक दोन वाक्ये जोडून उत्तर काढायचा, एक स्वतःचे मत कारणासह सांगायचा. लिहायला जड जाणाऱ्या मुलाचे उत्तर तोंडी घ्या. गुणांची बेरीज करून पहिला-दुसरा गट काढू नका. प्रत्येक मुलाने स्वतःच्या गेल्या आठवड्यापेक्षा किती पुढे मजल मारली ते बघा, आणि गटातल्या किती जणांनी मारली त्यावरून गटाचे कौतुक करा. स्लाव्हिन यांनी हीच वाट सुचवली होती. या हिशोबात सगळ्यात कच्चे मूल गटाला सगळ्यात जास्त मिळवून देऊ शकते, आणि मग गटातली मुले त्याला हाताशी धरून शिकवतात.

मी एक साधी वही ठेवते. एका पानावर एक मूल. त्यात गुण नसतात. गटाजवळ उभी असताना ऐकलेला त्याचा एखादा प्रश्न आणि अडलेला एखादा शब्द, तारखेसकट. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती पाने चाळते, आणि सोमवारचा उतारा त्याच अडलेल्या शब्दांभोवती लिहायला बसते.